अझो आणि निरांजन

दीडेक वर्ष आमच्या घरात कुठल्याही खोलीत माणसाआधी दिवा शिरायचा. आधी निरांजन, मग ते धरणारा हात, मग माझा नवरा, आणि त्याने मान हलवली तर त्याच्यामागून मी. बाथरूम असो, माळ्याखालची अडगळीची खोली असो, नाहीतर आमची झोपायची खोली. ज्योत सरळ राहिली की तो म्हणायचा, "चल." ज्योत हलली की तो थांबायचा, आणि मीही हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन त्याच्यामागे थांबायचे.

बदलापूरच्या बेलवलीतली आमची सोसायटी तशी चौकस. समोरच्या वहिनींना वाटलं, आम्ही कुणातरी महाराजांचं काहीतरी धरलंय. एकदा जिन्यात गाठून त्यांनी विचारलंच, "कोणाचं करता हो? आमच्या मिस्टरांना पण गुण येईल का?" मी म्हटलं, "नत्राचं करतो." हा कुठला देव ते त्यांना कळलं नाही, आणि मी समजावत बसले नाही. मला तेव्हा कुणालाच काही समजावायचं नव्हतं. मला फक्त माझा नवरा परत हवा होता, दार लोटून, पंखा मोठा करून, भर दुपारी निवांत घोरणारा.

मी बारावीच्या मुलांना घरी केमिस्ट्री शिकवते. हॉलमध्ये सतरंजी, भिंतीवर पांढरा बोर्ड आणि दाराबाहेर चपलांचा खच, एवढाच माझा कारभार. नवरा मोरिवलीचा, शेतकऱ्याच्या घरातला. कारखाने आले तशी त्यांची शेतं कुंपणांच्या आत गेली. भाताचा एक तुकडा आणि एक विहीर तेवढी सासऱ्यांकडे राहिली. डिप्लोमा करून नवरा त्याच पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात लागला आणि चढत चढत शिफ्ट ऑफिसर झाला. त्याच्या खात्याला सगळे 'अझो' म्हणायचे. "आज अझोला आहे", "अझोतून फोन आला", "अझोत पाणी तुंबलंय", असं लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माझ्या कानावर पडत होतं. मला तो शब्द पुस्तकातून माहीत होता. त्याला तो आपल्या गल्लीच्या नावासारखा होता.

बाजारातले कितीतरी लाल, केशरी, पिवळे रंग अझो घराण्यातले असतात. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना धरून मधोमध बसतात, आणि त्या जोडीच्या जिवावर रंग उभा राहतो. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये कापड घ्यायला गेलो की नवरा दुकानात शिरताच ताग्याचं टोक ओल्या बोटाने चोळायचा. सिंधी दुकानदार कासावीस व्हायचा. "साईं, कलर की गारंटी है, घिसो मत." नवरा बोट माझ्यापुढे धरून म्हणायचा, "हा आपलाच लाल. ओळखतो मी." मग त्या दुकानात मला काही घ्यावंसं वाटायचं नाही, कारण आपला लाल मला घरी उदंड होता.

तो उशीच्या अभ्र्यावर यायचा. नवरा कारखान्यातून आंघोळ करून यायचा, घरी पुन्हा करायचा, तरी सकाळी त्याच्या डोक्याखाली केशरी गोल उमटलेला असायचा. आत गेलेला रंग घामावाटे बाहेर यायचा म्हणे. आई यायची असली की मी अभ्रे बदलून टाकायचे. तिने एकदा पाहिलाच, आणि "जावयांना काही लागलंय का गं?" एवढंच विचारलं.

शब्दाचा अर्थ मला विचारला तो माझ्या एका विद्यार्थिनीने. "मॅम, अझो मतलब क्या? म्हणजे नुसतं नाव आहे की त्याला काही मीनिंग आहे?" मी इतकी वर्षं शिकवत होते, मला कधी प्रश्नच पडला नव्हता. क्लास सुटल्यावर शोधत बसले.

फार जुनी गोष्ट आहे. हवा म्हणजे एकच एक वस्तू नाही, हे माणसाला नुकतं कळत होतं. बंद भांड्यात दिवा ठेवायचा, तो विझला की उरलेल्या हवेत उंदीर सोडायचा, असे प्रयोग चालले होते. हवेचा मोठा भाग असा निघाला की त्यात दिवा टिकेना आणि उंदीरही टिकेना. फ्रान्समध्ये त्या भागाचं नाव पडलं 'अझोत'. ग्रीकमध्ये 'अ' म्हणजे नाही आणि 'झोए' म्हणजे जीवन. हा 'अ' आपलाच, अशुभ आणि अज्ञात यांच्या तोंडाशी बसतो तोच. झोए आणि आपला जीव हे तर एकाच मुळातून आलेले भाऊ, असं भाषेचे जाणकार सांगतात. म्हणजे अझोत हा आपला सरळ सरळ 'अजीव' झाला. जर्मन लोकांनी तर त्याला 'कोंडून मारणारा पदार्थ' असंच नाव दिलं. पुढे इंग्रजीने सोऱ्यावरून, म्हणजे 'नायटर'वरून, नायट्रोजन केलं, आपण नत्र केलं, आणि जुनं नाव रसायनांच्या कपाळावर उपसर्ग होऊन राहिलं: अझो.

जेवताना मी नवऱ्याला हे सांगितलं. त्याने आमटीची वाटी तोंडाला लावता लावता ऐकून घेतलं. "म्हणजे मी रोज अजीवात जातो म्हण की." मग म्हणाला, "पण बाबा भाताला युरिया मारतात तो पण नायट्रोजनच ना? त्यावर तर भात तरारतो." मी म्हटलं, "नाव ठेवणाऱ्यांना तेव्हा ते माहीत नव्हतं. त्यांनी फक्त दिवा विझताना पाहिला." पुढे कितीतरी दिवस त्याला चाळाच लागला. कारखान्यातून फोन करायचा आणि म्हणायचा, "अजीवातून बोलतोय. भाजी काय आणू?"

मला तेव्हाही तो विनोद फारसा आवडायचा नाही. मी हसायचे, फोन ठेवायचे आणि उगाच देवघरातला दिवा आहे ना ते बघून यायचे.

आमच्या या भागातली माणसं नाकावर जगतात. मोरिवलीत सासरे अंगणात उभे राहून नुसत्या वासावरून सांगतात, वारा कुठून आहे आणि कुठल्या कारखान्यात काय चढवलंय. कुजलेल्या अंड्यांचा आला की पोरांना आत बोलवायचं. गोड, सडक्या केळ्यांसारखा आला की खिडक्या लावायच्या. बदलापुरात आम्ही लांब राहतो, तरी संध्याकाळी कधी कधी तो येतोच, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर एकामागून एक निरोप पडतात: 'वास येतोय का कुणाला?' आणि वास नसेल त्या दिवशी माणसं गच्चीत येऊन छाती भरून घेतात. वास नाही म्हणजे हवा चांगली, हे इथे कुणी कुणाला शिकवत नाही. हे सगळ्यांना लहानपणापासून येतं.

नवऱ्याची चूक झाली ती एवढीच. ती दुसऱ्या गावच्या माणसाने केली नसती.

त्याच्या खात्यात एक मोठं बंद भांडं होतं, त्यात सॉल्व्हंटचं काम चालायचं. आग लागू नये म्हणून अशा भांड्यात हवेऐवजी नायट्रोजन भरून ठेवतात. त्या दुपारी भांडं धुऊन झालं होतं, वरचं तोंड उघडं होतं. आत एक फडकं राहिलंय असं कुणीतरी म्हणालं, म्हणून नवरा बघायला गेला. नियम असा की ऑक्सिजनचा मीटर आत सोडून तिथली हवा मोजायची. मीटर ऑफिसात चार्जिंगला होता. नवऱ्याने तोंडाशी नाक नेलं. रोज डोळ्यांतून पाणी काढणारं ते भांडं त्या दिवशी स्वच्छ होतं, कसलाही वास नव्हता. त्याला बरं वाटलं. त्याने टॉर्च लावली आणि डोकं, खांदे आत घातले. नायट्रोजनची नळी मात्र बंद करायची राहून गेली होती.

पलीकडे उभ्या असलेल्या ऑपरेटरला त्याचे पाय नुसते लोंबताना दिसले. त्याने पट्ट्याला धरून मागे ओढलं म्हणून माझा नवरा आहे.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. काही नाही, नशीबवान आहात, म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो घरी आला, जेवला, आणि मला म्हणाला, "तुला सांगू का, मला काहीच झालं नाही."

"देवाची कृपा," मी म्हटलं.

"तसं नाही गं. काहीच झालं नाही म्हणजे, काहीच. घुसमटलो नाही, खोकला नाही, डोळ्यापुढे अंधारी नाही. मी फडकं बघत होतो. त्यानंतर मी जमिनीवर होतो. मधे मी नव्हतोच."

शास्त्र मला माहीत होतं, आणि ते माहीत असण्याचा मला पहिल्यांदा राग आला. आपल्या छातीला ताजी हवा मागता येत नाही. तिला फक्त वापरलेली हवा साठली की कळतं, तेव्हा जीव घाबरा होतो. नायट्रोजनमध्ये वापरलेली हवा बाहेर पडत राहते, छाती वरखाली होत राहते, शरीराला वाटतं सगळं ठीक चाललंय. एकदोन श्वासांत माणूस जातो आणि त्याला कुणी सांगत नाही. आणि हा नायट्रोजनही तोच, जो प्रत्येक श्वासात पाचातले चार भाग आपल्या आत येऊन जातो. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. मी हे मुलांना दरवर्षी पाठ करून घेते.

सुरुवात खिडक्यांपासून झाली. नवरा घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायचा. मग दारं लावू देईना. मग एक दिवस मी पाहिलं, तो देवघरातलं निरांजन उचलून बाथरूमच्या दारात उभा होता, हात लांब करून, आणि ज्योतीकडे एकटक बघत होता.

हे त्याला कुठून सुचलं ते मला लगेच कळलं. मोरिवलीत विहिरीत उतरायच्या आधी दोराला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील तळाशी जळत राहिला तर माणूस उतरतो, नाहीतर नाही. सासऱ्यांनी त्याला लहानपणी हेच शिकवलं होतं. "कारखान्यात काडेपेटी गेटवर काढून घेतात," तो म्हणाला. "तिथे दिवा नेला असता तर सगळंच उडालं असतं. आणि नेता येत नव्हता म्हणून मी गेलो. बघ ना." तो हसला नाही. कंपनीने त्याला बसायचं काम दिलं, स्टोअरमध्ये. तो स्टोअरच्या दारात तासभर उभा राहिला आणि घरी आला. पुन्हा गेलाच नाही.

नायट्रोजन घरात कुठून येणार, बाथरूमला झरोका आहे, ही हवा बाहेरच्या हवेत मिसळते, हे मी त्याला बोर्डावर आकृती काढून समजावलं. तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा मान हलवत होता. "कळतंय मला," म्हणाला, "पण तिथेही मला कळतच होतं." तो गॅलरीत खुर्ची टाकून झोपायला लागला. खोलीत मी एकटी. आणि अभ्र्यावरचा तो केशरी गोल, कारखाना सुटून महिने झाले तरी, खुर्चीवरच्या उशीला उमटतच होता. मी धुवायचे, तो परत यायचा.

मी चिडायचे, ओरडायचे. एकदा तर म्हटलं, "तुम्हाला त्या ऑपरेटरने ओढून काढलं, पण तुम्ही काही बाहेर आला नाहीत." तो म्हणाला, "तेच तर बघतोय."

मग ती दुपार आली. बाहेर तो गोड, सडका वास सुटला होता, म्हणून मीच सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. नवरा निरांजन घेऊन झोपायच्या खोलीकडे निघाला, मागे मी. हॉलमध्ये ज्योत चांगली उभी होती. खोलीच्या उंबऱ्यावर त्याने हात आत नेला आणि ती विझली. भडका नाही, धूर नाही. विझली.

"वारा," मी म्हटलं. खिडक्या मीच लावलेल्या होत्या.

त्याने मागे येऊन पुन्हा पेटवलं. हॉलमध्ये ज्योत उभी. उंबऱ्यापाशी हात आत गेला, आणि पुन्हा विझली. तिथेच.

मी केमिस्ट्री शिकवते. तुपात पाणी गेलं असेल, वात आखूड झाली असेल, त्याचा हात हलला असेल, यातलं प्रत्येक कारण मला त्या क्षणी सुचत होतं. समोर आमचीच खोली होती. चादर मी सकाळी घातलेली, उशीवर माझा चष्मा. काही हलत नव्हतं, कसलाही वास नव्हता. आणि मी आत पाऊल टाकलं नाही. माझा हात त्याच्या दंडावर होता आणि मी त्याला मागे धरून ठेवलं होतं, हे मला नंतर, माझी बोटं दुखायला लागल्यावर कळलं.

आम्ही हॉलमध्ये येऊन बसलो. चष्म्यावाचून मी त्या दिवशी क्लास घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खिडक्या उघडून, पदर खोचून आत गेले आणि चष्मा घेऊन आले. पण मला माहीत झालं होतं की आता या घरात दोघं उंबऱ्यावर उभे आहेत. तसंच राहिलं असतं तर माझाही क्लास सुटला असता, घर सुटलं असतं. त्याला बाहेर काढायला माझ्यापेक्षा मोठं कुणीतरी हवं होतं. मी सासऱ्यांना फोन केला.

त्यांनी सगळं ऐकलं. मधे एकदाही "अरेरे" म्हणाले नाहीत. "बाव साफ कराची हाय," ते म्हणाले. बाव म्हणजे विहीर. "घेऊन ये त्याला."

ती विहीर बरीच वर्षं बंद होती. एका उन्हाळ्यात तिचं पाणी गुलाबीसर यायला लागलं होतं. पहिल्यांदा वाटलं कुणी कुंकू सांडलं. मग ते लाल होत गेलं, आणि सगळ्यांना कळलं की जमिनीखालून काय झिरपतंय. नवरा तेव्हा पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन बघत राहिला होता, आणि त्या वेळी "हा आपलाच" असं काही म्हणाला नव्हता. सासऱ्यांनी वर फळ्या टाकल्या, दगड ठेवले आणि नळाचं पाणी घेतलं. त्याबद्दल ते मुलाला कधीही एक शब्द बोलले नाहीत.

आम्ही गेलो तेव्हा फळ्या काढलेल्या होत्या. भावकीतले दोघं धडधाकट पुरुष दोर घेऊन बसले होते. मी विहिरीत वाकून पाहिलं. पाणी पार तळाला गेलं होतं आणि आतून गार, कोरी हवा तोंडावर येत होती. वास नव्हता. ते जाणवलं आणि मी दोन पावलं मागे झाले.

सासऱ्यांनी कंदील पेटवून दोराने सोडला. उजेड दगडांवरून खाली खाली गेला. शेवाळ दिसलं, एक पिंपळाचं रोप दिसलं, आणि निम्म्याच्या खाली ज्योत बारीक झाली आणि गेली. काळोख होता तसा परत वर आला.

नवरा माझ्याशेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, इथला वायू वेगळा, पालापाचोळा कुजून साठणारा, जड, तळाशी बसणारा. दिव्याला त्याचं काही नव्हतं. तो आपला विझला.

"बाव नको बोलते," सासरे म्हणाले. "नको बोलते तर थांबाचा. त्यात काय एवढा?"

आणि ते थांबले. आंब्याची एक मोठी डहाळी तोडून दोराला बांधली आणि ती विहिरीत खालीवर, खालीवर करत राहिले, ताक घुसळावं तशी. हात दुखले की भावकीतल्यांनी घेतली. मधून मधून वरून बादलीभर पाणी धबकन ओतायचे. मग सगळे सावलीत बसून चहा प्यायचे. पुन्हा डहाळी. पुन्हा कंदील. पुन्हा विझला. सासऱ्यांनी वात कापली, पुन्हा पेटवला, पुन्हा डहाळी. कुणाला घाई नव्हती. दिव्याने नाही म्हटलं की माझा नवरा दारात खिळायचा, तिथे त्याचा बाप चहा मागत होता. हा फरक मी बघत होते, आणि मला वाटतं तोही बघत होता. थोड्या वेळाने त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बापाच्या हातातून दोर घेतला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कंदील तळाला टेकला आणि जळत राहिला. खाली लालसर चिखल दिसला.

"झरा जिता हाय का मेला, बघाचा हाय," म्हणत सासरे धोतर खोचायला लागले. ते त्या वयात उतरले असते, याबद्दल मला आजही शंका नाही.

"बाबा, तुम्ही नको," नवरा म्हणाला. "मी जातो."

मला ओरडावंसं वाटलं. मी त्याला इथे आणलं होतं ते याचसाठी, आणि आता मला तो जायला नको होता. त्याने कमरेला दोर बांधून घेतला, माझ्याकडे बघायचं टाळलं, आणि कपारीत पाय ठेवत उतरायला लागला. भावकीतले दोघं दोर सोडत होते. त्याचं डोकं लहान लहान होत गेलं. कंदिलाच्या उजेडात तो तळाशी उभा राहिला, चिखलात घोट्यापर्यंत.

"अहो," मी हाक मारली.

विहिरीने "अहो" परत दिलं. तो वर बघेना. तो कंदिलाकडे बघत होता. मग त्याने तो उचलला, तोंडाजवळ नेला, आणि खालचा उजेड गेला.

मला नंतर सगळे सांगतात की लगेचच झालं. माझ्यासाठी ते लगेच नव्हतं. खाली काळं भोक होतं आणि त्यात माझा नवरा होता की नव्हता, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. आवाज नाही, वास नाही. दोर धरणारे ओढू का म्हणून सासऱ्यांकडे बघत होते आणि सासऱ्यांनी हात वर केला होता, थांबा. माझी छाती वरखाली होत होती. सगळं ठीक चाललंय असंच तिला वाटत असणार. जुन्या माणसांनी त्या हवेला ते नाव का दिलं ते मला तेव्हा समजलं. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं असेल आणि आतून काहीच उत्तर आलं नसेल.

"मीच विझवला," खालून आवाज आला. अगदी साधा, गॅस बंद केला सांगावं तसा. "श्वास चाललाय. बाबा, टोपली सोडा."

मी विहिरीच्या कठड्याला धरून खाली बसले आणि रडले. सासरे टोपलीला दोर बांधत म्हणाले, "रडतंस कशाला, बोलला ना तो."

त्याने पहिल्यांदा अंधारातच गाळ काढला, मग वरून दुसरा कंदील मागवला. झरा होता, बारीक. पाणी अजून तांबूस आहे, पिता येत नाही, येणारही नाही. सासऱ्यांना ते चालतं. ते सकाळी एकदा डोकावून येतात.

त्या दिवसापासून नवरा निरांजन उचलत नाही. ते देवापुढे असतं. तो खोलीत झोपतो, पंखा मोठा करून. एका क्लासच्या मुलांना तो सेफ्टी शिकवायला जातो, मीटर घेऊन, आणि म्हणे पहिलं वाक्य सांगतो की नाकावर विश्वास ठेवू नका. अभ्र्यावरचा गोल फिकट होत होत हल्ली दिसेनासा झाला आहे. समोरच्या वहिनींनी विचारलं, "बंद केलं का हो?" मी हो म्हटलं.

फक्त वीज गेलेली असली, खोलीत अंधार असला, की तो आधी जातो. माझ्या हातात काही नसतं, दिवाही नसतो. मी उंबऱ्यावर थांबते. तो आतून "ये" म्हणेपर्यंत मला पाऊल उचलत नाही. आणि त्याला ते माहीत आहे, म्हणून तो आत गेल्या गेल्या बोलतो.